क्षमा झाली, परतफेडीचे काय?

१८९३ साली एका खटल्याच्या कामासाठी प्रिटोरियात राहिलेल्या तरुण गांधींभोवती ख्रिस्ती मित्रांचा गोतावळा जमला होता. त्यांत प्लिमथ ब्रदरन पंथाचे एक गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे गांधींनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. तुम्ही जन्मभर स्वतःच्या चुका मोजत बसता, सुधारायला बघता, प्रायश्चित्ते घेता. अशाने शांती मिळायची कधी? पाप हातून होणारच. ते ओझे ख्रिस्ताने उचलले आहे, त्याच्यावर टाका आणि मोकळे व्हा, असा एकूण सूर. गांधींचे उत्तर होते की मला पापाच्या परिणामांतून सुटका नको, पापातूनच हवी. गृहस्थ नुसते बोलून थांबले नाहीत. त्यांनी जाणूनबुजून काही गैर गोष्टी केल्या आणि त्याची आपल्या मनाला टोचणी लागत नाही, हे गांधींना दाखवूनही दिले.

गांधींच्या मनात त्यामुळे ख्रिस्ती धर्माविषयी अढी बसली नाही, कारण कोट्स यांच्यासारखे देवाला भिऊन वागणारे ख्रिस्ती मित्रही त्यांना तिथेच लाभले होते. त्या गृहस्थांनी प्रश्न मात्र अगदी उघडावाघडा करून ठेवला. देवाची कृपा फुकट मिळते, हे सगळ्या ख्रिस्ती पंथांना मान्य. पश्चात्ताप हवा, हेही मान्य. आज्ञा पाळायच्या, हे तर कोणीच नाकारत नाही. मग तिन्हींचा मेळ घालायचा कसा? पश्चात्ताप केला म्हणून कृपा होते, की कृपा झाली म्हणून पश्चात्ताप सुचतो? आज्ञापालन ही तारणाची अट, की तारणाचे फळ? आणि जन्मभर फळच धरले नाही, तर झाड जिवंत होते असे कशावरून म्हणायचे? यावरून परिषदा भरल्या, बहिष्कार पडले, युरोप उभा चिरला गेला. आज हा वाद कुठे मिटला आहे, कुठे नव्याने पेटला आहे आणि कुठे भलत्याच जागी चालू आहे, ते इथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. कृपा आधी की आज्ञापालन आधी, हे भांडण बऱ्याच अंशी संपले आहे. गाडे अडले आहे ते पश्चात्तापापाशी. ज्याचा अपराध केला त्या माणसाचे पुढे काय, या एका मुद्द्यावर.

जुना इतिहास थोडक्यात. ब्रिटनमधून रोमला आलेला पेलेजियस हा तपस्वी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला शिकवू लागला की देवाने आज्ञा दिल्या त्याअर्थी त्या पाळण्याची ताकद माणसात आहे. आळस झटका आणि पाळा. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याला कडाडून विरोध केला. माणसाची इच्छाच आजारी आहे, चांगले करावेसे वाटणे हीसुद्धा देवाचीच देणगी, असे त्यांचे म्हणणे. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसची शिकवण फेटाळली आणि ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने कृपेची सुरुवात देवाकडूनच होते असे ठरवले. म्हणजे ‘आधी कृपा’ हा निकाल ल्यूथरच्या हजार वर्षे आधीच लागला होता. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या या भांडणात फारशा पडल्याच नाहीत. त्यांच्या दृष्टीने तारण म्हणजे माणसाने हळूहळू देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे, आणि त्यात कोणाचा वाटा किती हे मोजायची त्यांना गरज भासली नाही.

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उभा राहिला तो पश्चात्तापाच्या प्रश्नावर, हे पुष्कळदा विसरले जाते. त्याच्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच सांगतो की येशूने पश्चात्ताप करा म्हटले तेव्हा श्रद्धावंताचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे असा त्याचा आशय होता. पैसे देऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे घेतली की काम भागते, या समजाविरुद्ध ते होते. पुढे वाद वाढला आणि ‘केवळ विश्वासाने’ हे सुधारणावाद्यांचे ब्रीद झाले. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये त्याला उत्तर दिले: सुरुवात कृपेनेच होते, पण माणूस त्या कृपेला साथ देतो, आणि नुसत्या विश्वासावर भागते असे म्हणणारा बहिष्कृत. ल्यूथरच्या स्वतःच्या गोटातही शांतता नव्हती. त्याचाच सहकारी योहान आग्रिकोला म्हणू लागला की ख्रिस्ती माणसाला नियमशास्त्राची गरजच उरली नाही. त्याच्याविरुद्ध ल्यूथरला लेखणी उचलावी लागली. प्रिटोरियातल्या त्या गृहस्थांचे वैचारिक कुळ इथपर्यंत मागे जाते.

ही पावणेपाचशे वर्षांची फाळणी ज्या दिवशी कागदावर मिटली, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, म्हणजे सुधारणादिनीच, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आशय असा की आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासातून देव आपला स्वीकार करतो. आणि पवित्र आत्मा आपल्याला नवे करून सत्कर्मांना लावतो. एकमेकांवरचे सोळाव्या शतकातले बहिष्कार या शिकवणीला लागू नाहीत, असेही दोघांनी मान्य केले. २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने त्याला दुजोरा दिला. बारकाव्यांत मतभेद उरले, काही जर्मन प्राध्यापकांनी निषेधही केला. तरी मूळ तंटा मिटला असे म्हणायला हरकत नाही. ल्यूथर ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघातला संन्यासी होता. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे हेही ऑगस्टीनियन संघातलेच आहेत.

मग आज भांडण कुठे आहे? एक मोठे भांडण प्रॉटेस्टंटांच्या घरातच आहे, आणि त्याचे केंद्र अमेरिका. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातले धर्मोपदेशक जॉन मॅकार्थर यांचे ‘द गॉस्पेल अकॉर्डिंग टू जीझस’ हे पुस्तक आले. त्यांचा हल्ला होता तो सभेत हात वर केला, एक प्रार्थना म्हटली आणि स्वर्गाचे तिकीट पक्के झाले, या समजावर. ज्याने येशूला प्रभू म्हणून आयुष्याची सूत्रे दिली नाहीत, त्याचा विश्वास खराच नाही, असे ते म्हणाले. पुढच्याच वर्षी डॅलसच्या सेमिनरीत अनेक वर्षे ग्रीक शिकवलेले झेन हॉजेस यांनी उलट बाजू मांडली. अनंत जीवन हे निव्वळ दान आहे. त्यात पश्चात्तापाची किंवा समर्पणाची अट घुसवली की दान संपले आणि व्यवहार सुरू झाला. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत राहिली. आपले तारण झाले की नाही हे आपल्याला कसे कळावे, या एका चिंतेभोवती सगळा वाद फिरतो. शेजाऱ्याचा त्यात पत्ताच नाही.

एकविसाव्या शतकात हॉजेस यांच्याही पुढे जाणारी लाट आली. सिंगापूरच्या न्यू क्रिएशन चर्चचे जोसेफ प्रिन्स यांचे ‘डेस्टिन्ड टू रेन’ हे पुस्तक २००७ मध्ये निघाले आणि त्यांची प्रवचने टीव्ही व यूट्यूबवरून आपल्याकडेही घरोघरी पोहोचली. श्रद्धावंताची मागची, आजची आणि पुढची सगळी पापे एकदाच पुसली गेली आहेत, त्यामुळे रोज पापे कबूल करून क्षमा मागत बसण्याचे कारण नाही, अशी ही शिकवण. योहानाच्या पहिल्या पत्रातले पापकबुलीचे प्रसिद्ध वचन श्रद्धावंतांना उद्देशून नाहीच, असा त्यांचा अर्थ. मायकल ब्राउन यांनी २०१४ मध्ये ‘हायपर-ग्रेस’ हे अख्खे पुस्तक याच्या खंडनासाठी लिहिले. खंडन बरोबरच आहे. पण ही शिकवण लोकांना गोड का लागते, हेही पाहिले पाहिजे. मूल आजारी पडले, नोकरी गेली, की तुझ्या घरात कोणते पाप लपले आहे ते शोध, असे सांगणारे पाळक आपल्या मंडळ्यांत कमी नाहीत. वर्षानुवर्षे असला उपदेश ऐकलेल्या बाईला, तुझ्यावर देवाचा राग नाही, एवढे एक वाक्य पुरते. ते वाक्य खरेही आहे. गोंधळ होतो तो त्याच्या पुढच्या, म्हणून आता क्षमा मागायचे कारणच नाही, या वाक्यात.

विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी या काळात एक वेगळी वाट धरली. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ च्या पुस्तकात दाखवून दिले की पौलाच्या काळचा यहुदी धर्म पुण्य साठवून तारण विकत घेणारा नव्हता. तोही कराराच्या कृपेवरच उभा होता. प्रॉटेस्टंट व्यासपीठांवरून यहुद्यांचे जे व्यंगचित्र पिढ्यान्‌पिढ्या रंगवले गेले, त्याचा पाया या पुस्तकाने खचला. त्यानंतर जेम्स डन, एन. टी. राइट यांनी ही चर्चा पुढे नेली. पण आपल्या विषयासाठी सगळ्यात उपयोगी पुस्तक माझ्या मते जॉन बार्कले यांचे २०१५ चे ‘पॉल अँड द गिफ्ट’. बार्कले विचारतात, पौलाच्या जगात भेटवस्तू म्हणजे काय होते? परतीची अपेक्षा नसलेले दान हीच शुद्ध देणगी, ही कल्पना अलीकडची आहे. त्या काळी देणगीने नाते जुळायचे आणि नात्यात परतफेड गृहीत असायची. आहेराची वही जपून ठेवणाऱ्या मराठी घराला हे समजावून सांगावे लागणार नाही. कोणी काय दिले हे लिहून ठेवण्यात लोभ नसतो, नाते चालू ठेवण्याची जबाबदारी असते. पौलाचा धक्का इथे आहे की देवाने ही देणगी पात्रता न बघता दिली. शहाणा माणूस लायक माणसाला देतो, हा त्या काळचा रिवाज; देवाने नालायकाला दिले. पण म्हणून घेणाऱ्याने काहीच करायचे नाही, असे पौलाच्या स्वप्नातही नव्हते. देणगीला अट नाही, पण ती अपेक्षेविनाही नाही, असे बार्कले यांच्या मांडणीचे सार काढता येईल. हॉजेस आणि मॅकार्थर दोघांनाही हे आधी वाचायला मिळते, तर बरीच शाई वाचली असती.

आता कॅथलिक बाजू. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपाशी पापनिवेदन करणे जाणत्या वयाच्या प्रत्येक कॅथलिकाला बंधनकारक आहे. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात, आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या प्रायश्चित्तकाळात वसईपासून मडगावपर्यंत त्यासाठी रांगा लागतात. पश्चिम युरोपात आणि अमेरिकेत मात्र गेल्या दोन-तीन पिढ्यांत हा संस्कार झपाट्याने ओसरला. पोप फ्रान्सिस यांनी त्याला पुन्हा जीव देण्याचा प्रयत्न केला. मार्च २०१४ मध्ये सेंट पीटर्समध्ये लोकांची पापनिवेदने ऐकायला निघालेले पोप वाटेत वळले आणि एका साध्या धर्मगुरूपुढे स्वतःच गुडघे टेकून बसले; ते छायाचित्र जगभर गेले. त्यांनी २०१५-१६ हे दयेचे जुबिली वर्ष पाळले. त्याच काळात आलेल्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या पत्राच्या आठव्या प्रकरणावरून चार कार्डिनलांनी त्यांना पाच जाहीर प्रश्न विचारले. घटस्फोटानंतर दुसरे लग्न केलेल्या माणसाला, परिस्थिती पाहून, ख्रिस्तप्रसाद देता येईल का, हा वादाचा गाभा. आज्ञा मोडलेल्या अवस्थेत जगणाऱ्याला कृपेचे दार किती उघडायचे, हाच जुना प्रश्न नव्या कपड्यांत आला होता. मला फ्रान्सिस यांची बाजू पटते, पण प्रश्न विचारणारे कर्मठ म्हणून त्यांची टर उडवणेही बरोबर नव्हते.

या संस्काराची खरी कसोटी दुसरीकडे लागली. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्वतंत्र आयोगाने अंदाज वर्तवला की १९५० पासून तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंनी आणि संन्याशांनी सुमारे २ लाख १६ हजार मुलांचे लैंगिक शोषण केले. असे आकडे समोर आल्यावर साहजिकच लोक विचारू लागले, शोषण करणाऱ्यांतले किती जण पापनिवेदनाला जाऊन, क्षमा घेऊन, पुन्हा कामावर रुजू झाले? पापनिवेदनाचे गुपित फोडायचे नाही, हा नियम कडक आहे. पोलिसांत हजर होशील तरच क्षमा देतो, अशी अटही धर्मगुरूला घालता येणार नाही, असे व्हॅटिकनने २०१९ मध्ये स्पष्ट केले. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांनी उलट, बालशोषणाची माहिती पापनिवेदनात कळली तरी ती दिलीच पाहिजे, असे कायदे केले. आपल्याकडे २०१८ मध्ये केरळात काही ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंवर एका स्त्रीच्या पापनिवेदनाचा वापर करून तिचे शोषण केल्याचा आरोप झाला. तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली आणि सगळ्या पंथांनी एकमुखाने विरोध केला. प्रथा बंद करणे हा उपाय नाही, हे मलाही वाटते. पण कॅथलिक चर्चचाच १९९२ चा धर्मबोधग्रंथ सांगतो की क्षमेने नुकसान भरून निघत नाही. चोरलेले परत करावे लागते, बदनामी केली असेल तर ती धुवून काढावी लागते. हा परिच्छेद पुस्तकात जिवंत आहे. पापनिवेदनाच्या खोलीत त्याची आठवण किती वेळा निघते, हा प्रश्न आहे. त्या खोलीत पापी असतो, धर्मगुरू असतो, देव असतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो बाहेर असतो.

इथे जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बॉनहॉफर यांचे नाव निघणारच. ‘स्वस्त कृपा’, म्हणजे पश्चात्तापाविना वाटली जाणारी क्षमा, हा त्यांचा शब्दप्रयोग आता प्रत्येक प्रवचनात सापडतो, इतका की तोच स्वस्त झाला आहे. शिष्यत्वावरचे त्यांचे पुस्तक १९३७ चे. त्या वेळी ते नाझी सरकारपुढे न वाकलेल्या मंडळीसाठी फिन्केनवाल्ड इथे पाळक घडवणारी सेमिनरी चालवत होते. गेस्टापोने त्याच वर्षी ती बंद केली. पुस्तकापेक्षा तिथला एक रिवाज मला जास्त बोलका वाटतो. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे जाऊन माफी मागायची. ज्याच्या मनात काही असेल त्याने एका भावापाशी, मोठ्याने, नाव घेऊन पाप कबूल करायचे. लुथरन घरांतून आलेल्या तरुणांना हे कॅथलिक थाटाचे वाटून अवघडायला होई. बॉनहॉफर यांचे कारण सरळ होते. एकांतात देवापुढे पाप कबूल करणारा माणूस कित्येकदा स्वतःपुढेच ते कबूल करत असतो आणि स्वतःच स्वतःला माफ करत असतो. समोर हाडामांसाचा माणूस असला की ही फसवणूक चालत नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिले गेले, म्हणून त्यांच्या शब्दांना वजन आले. पण हा छोटा रिवाज त्या वजनाखाली झाकला गेला.

बायबलमध्ये या सगळ्याचे उत्तर एका बुटक्या माणसाच्या गोष्टीत आहे, असे मला वाटते. लूकाच्या शुभवर्तमानातला जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार, गबर श्रीमंत. गर्दीतून येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूने वर पाहिले आणि आज मी तुझ्याच घरी उतरणार, असे सांगितले. जक्कयाने तोवर काहीही कबूल केलेले नाही, काहीही सोडलेले नाही. लोक कुरकुर करतात ती याचसाठी. म्हणजे कृपा आधी आली, हे ऑगस्टीन, ल्यूथर आणि आउग्सबुर्ग या तिघांच्या बाजूने. मग जक्कय उभा राहून बोलतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत. आपणहून चूक कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम अधिक एक-पंचमांश द्यावी, एवढेच नियमशास्त्र सांगत होते. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची शिक्षा. जक्कयाने स्वतःला चोराची शिक्षा लावून घेतली. आज या घराला तारण मिळाले, हे येशूचे शब्द त्याच्यानंतर येतात. उपदेशांत झाडावर चढण्याचा भाग रंगवून सांगितला जातो, रविवारच्या शाळेत मुले तो अभिनयाने करतात. चौपटीचा हिशेब मात्र एका वाक्यात उरकतात.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत ज्यांनी हा हिशेब पुन्हा पटलावर आणला, ते बहुधा धर्मशास्त्राच्या मधल्या दालनाबाहेरचे लोक होते. १९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासिकेने एक लेख लिहिला. पाप म्हणजे गर्व, स्वतःला फार मोठे समजणे, ही व्याख्या पुरुषांनी स्वतःच्या अनुभवावरून केली आहे. स्त्रीचा प्रश्न पुष्कळदा स्वतःला पुसून टाकण्याचा असतो, तिला आणखी नम्र हो म्हणून सांगणे हा पश्चात्ताप नव्हे, असे तिने मांडले. १९९३ मध्ये कोरियन वंशाचे अँड्रू संग पार्क यांनी विचारले की पाप्यासाठी क्षमा आहे, पण ज्याच्यावर पाप झाले त्याच्या जखमेसाठी चर्चकडे काय आहे? आपल्याकडे मराठी ख्रिस्ती समाजातून आलेले अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधल्या भाषणातून ज्या विचाराला तोंड फोडले, त्यातून पुढे दलित ख्रिस्ती धर्मशास्त्र उभे राहिले. वेशीबाहेर राहिलेल्या माणसाला रविवारी तू पापी आहेस हे सांगायचे आणि वेशीआतल्याला तेच वाक्य तेवढ्याच आवाजात सांगायचे, हा समान न्याय दिसतो, आहे का?

संस्थाही पश्चात्ताप करू लागल्या, ही या काळाची नवी गोष्ट. ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्टला जर्मन प्रॉटेस्टंट नेत्यांनी नाझी काळातल्या अपराधाची कबुली दिली, पण त्या मजकुरात यहुद्यांचा उल्लेखच नव्हता. नोव्हेंबर १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्ग इथे विली योंकर या डच रिफॉर्म्ड प्राध्यापकाने वर्णभेदाच्या पापात आपला आणि आपल्या चर्चचा वाटा उभे राहून कबूल केला. डेस्मंड टूटू यांनी तिथेच उठून ती कबुली स्वीकारली. सगळ्यांच्या वतीने माफ करण्याचा अधिकार टूटूंना कोणी दिला, अशी कुजबुज काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींत झाली, आणि ती गैर नव्हती. सप्टेंबर २०१९ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी जालियनवाला बागेत जमिनीवर पालथे पडून राहिले. ब्रिटिश सरकारच्या वतीने मी बोलू शकत नाही, हेही त्यांनी सांगितले. शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी केलेल्या पापासाठी ते जमिनीला टेकले. स्वतःच्या चर्चशी जवळीक असलेल्या जॉन स्माइथ या माणसाने मुलांना दिलेल्या अमानुष मारहाणीची माहिती २०१३ मध्ये कळूनही पुरेसा पाठपुरावा केला नाही, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. यात ढोंग होते असे मला म्हणायचे नाही. लांबच्या पापाचा पश्चात्ताप सोपा जातो, इतकेच. या यादीत मला सगळ्यात वजनदार वाटतो तो नोव्हेंबर २०२१ मधला लूर्दचा प्रसंग. फ्रेंच बिशप गुडघ्यांवर बसले, आणि दोनच दिवसांनी पीडितांच्या भरपाईसाठी चर्चच्या मालमत्ता विकायचा त्यांनी निर्णय घेतला. भरपाई पुरेशी आहे का यावर तिथे वाद आहे. पण निदान जक्कयाची वही उघडली गेली.

आज्ञापालनाबद्दल एक सावधगिरीचा शब्द इथेच घालतो. आज्ञा देवाच्या की पाळकाच्या? १९७० च्या दशकात अमेरिकेत काही करिश्माई नेत्यांनी ‘मेंढपाळगिरी’ची चळवळ काढली, लग्न, नोकरी, घर, सगळे आपापल्या मेंढपाळाला विचारून. घरे मोडली, आणि त्यांतले एक प्रमुख बॉब ममफर्ड यांनी पुढे जाहीर माफी मागितली. आज आपल्या शहरांतल्या कित्येक स्वतंत्र मंडळ्यांत हेच नाव न घेता चालते. यावरचा उतारा मराठीच आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर पंडिता रमाबाईंनी धर्मसिद्धान्तांवर प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांना आज्ञाधारकपणाचे धडे दिले. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे रमाबाईंचे उत्तर आज छापील पत्रव्यवहारात वाचायला मिळते. हीच बाई पुढे दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावला मुक्ती मिशन उभारून मरेपर्यंत राबली. आज्ञाधारकपणाचे याहून मोठे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त आठ वर्षांनी, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत म्हटले आहे. कृपा आणि आज्ञापालन यांत आधी कोण, या प्रश्नाचे त्यांच्या आयुष्याने दिलेले उत्तर कोणत्याही परिषदेच्या ठरावात बसणारे नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या सोवळेओवळे सांभाळत वेगळ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’त त्या सांगतात तो बदल धर्मग्रंथाच्या वादातून आलेला नाही. जातीचे भेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केले आहेत, हे एकदा मनाला पटले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. पश्चात्ताप आधी पाण्याच्या भांड्यात उतरला.

भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधला जातिभेद हे घोर सामाजिक पाप असल्याचे मान्य केले. तामिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीत जातीची भिंत उभी असल्याचे वाद त्यानंतरही झाले. महाराष्ट्रात भिंती नाहीत, पण सोयरीक जुळवताना आजोबा कुठल्या वाड्यातून आले होते हे हळूच विचारले जाते, आणि हे विचारणारे तेच असतात जे रविवारी सामुदायिक पापकबुलीत मोठ्याने आमेन म्हणतात. त्या पापकबुलीत जातीचे नाव कुठेच नसते. मराठी मंडळ्यांनी आणि धर्मप्रांतांनी पुढच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर एक विषय घ्यावा: आपल्या मंडळीत कोणाचे काय लुबाडले गेले आहे, मग ती जमीन असो, पगार असो, मान असो किंवा एखाद्या मुलीचे बालपण असो, आणि ते परत कसे करायचे. यादी करा, नावे घ्या आणि चौपट जमत नसेल तर निदान मुद्दल तरी परत करा.